टॉकीजचा जमाखर्च

जुने चित्रपटगृह बंद पडले की बातमीत त्याचे कारण आजकाल ठरलेले असते: लोक आता घरी बसून मोबाइलवर सिनेमा बघतात. वाचणाऱ्यालाही ते लगेच पटते, कारण त्याच्याही हातात मोबाइल असतो. पण तारखा मांडून पाहिल्या तर हे कारण पुरे पडत नाही. हॉटस्टार २०१५ मध्ये आले. नेटफ्लिक्स भारतात सुरू झाले जानेवारी २०१६ मध्ये, स्वस्त इंटरनेट देणारे जिओ त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आणि ॲमेझॉनचा प्राइम व्हिडिओ डिसेंबरात. आता दुसरी यादी पाहा. गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ लागला आणि भारतीय पडदा पहिल्यांदा बोलला. ते मॅजेस्टिक १९७२ मध्येच पाडले गेले. पुण्यातले पहिले कायमचे चित्रपटगृह म्हणजे मंडईजवळचे ‘आर्यन’, १९१५ सालचे. ते १९८३ मध्ये गेले आणि त्या जागी आज वाहने उभी राहतात. मुंबईच्या ऑपेरा हाऊसमधला सिनेमा १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला थांबला. तिथल्याच मेट्रो चित्रपटगृहाचा एकच भव्य पडदा २००६ मध्ये जाऊन तिथे मल्टिप्लेक्स झाले. यातल्या कोणत्याही वर्षी कोणाच्या खिशात सिनेमा दाखवणारा फोन नव्हता. मोबाइलला दोष देणे सोयीचे आहे, कारण तंत्रज्ञानाला कोणी जाब विचारत नाही. जाब विचारायचा तो धोरणाला. महाराष्ट्राने आपल्या टॉकीजकडे आधी कर गोळा करायचे ठिकाण म्हणून पाहिले आणि नंतर जमिनीचा महागडा तुकडा म्हणून. वस्तीची, गावाची एक सोय म्हणून तिच्याकडे सरकारने किंवा नगरपालिकांनी पाहिलेच नाही. स्ट्रीमिंग आले तेव्हा टॉकीजची ताकद आधीच संपलेली होती.

ही सोय म्हणजे नेमके काय, हे समजण्यासाठी अगदी सुरुवातीला जावे लागते. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा पहिला खेळ झाला, तेव्हा तिकीट एकच होते, एक रुपया. त्या काळी एक रुपया म्हणजे कामकऱ्याच्या कुटुंबाचा काही दिवसांचा बाजार. पण आठवड्याभरातच हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरमध्ये गेले आणि तिथे चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत वेगवेगळे दर लागले. पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र बॉक्स ठेवले गेले. भारतातल्या सिनेमाचा धंदा खऱ्या अर्थाने इथे सुरू झाला असे मी म्हणेन. एकाच छपराखाली, एकाच वेळी, एकच चित्र; पुढे बसणारा चार आणे देतो, वर बसणारा दोन रुपये, आणि वरच्याच्या पैशावर खालच्याची खुर्ची परवडते. पिट, स्टॉल, अप्पर स्टॉल, ड्रेस सर्कल, बाल्कनी ही उतरंड पुढे शंभर वर्षे टिकली. तिच्यात वर्गभेद होता यात शंका नाही. प्रवेशद्वारे वेगळी, जिने वेगळे, कधीकधी मुताऱ्याही वेगळ्या. तरीही गरीब माणसाला नव्या सिनेमाच्या पहिल्या आठवड्यात, शहराच्या मध्यावर, सन्मानाने तिकीट काढून आत जाता येत होते. १९१३ च्या मे महिन्यात दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला, तोही अशाच मिश्र प्रेक्षकांसमोर. ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ १९३६ मध्ये मुंबईच्या सेंट्रलमध्ये सत्तावन्न आठवडे चालला. एखाद्या चित्रपटगृहात वर्षाहून अधिक काळ एकच चित्र चालायचे तर तिथे नुसता हौशी शहरी प्रेक्षक पुरत नाही. गिरगावच्या चाळींतली, गिरण्यांतली आणि पंढरीची वाट ठाऊक असलेली माणसे पुन्हा पुन्हा येतात, तेव्हाच हे घडते.

१९३० ते १९६० या काळात ज्या इमारती उभ्या राहिल्या त्यांनी शहरांचा नकाशा बदलला. रीगल १९३३ मध्ये आले, इरॉस आणि मेट्रो १९३८ मध्ये, लिबर्टी १९४९ मध्ये, मराठा मंदिर १९५८ मध्ये. पुण्यात ‘प्रभात’ने १९३४ मध्ये आपल्या नावाचे चित्रपटगृह सुरू केले. कोल्हापूर, सोलापूर, सांगली, नाशिक, नागपूर इथे थिएटरांच्या रांगाच लागल्या. हजार-बाराशे खुर्च्यांच्या या वास्तू पत्ता सांगण्याच्या खुणा झाल्या. पुण्यातला अलका चौक, मुंबईतले हिंदमाता आणि ऑपेरा हाऊस ही ठिकाणे आहेत. तिथे सिनेमा लागतो की नाही हे माहीत नसलेला माणूसही ती नावे घेतो. कोठावळे कुटुंबाने मॅजेस्टिक सिनेमाच्या आवाराशी पुस्तकविक्री सुरू केली आणि मराठी प्रकाशनाच्या एका मोठ्या घराला ते नाव कायमचे मिळाले. पुण्याच्या लष्कर भागातल्या कॅपिटॉलमध्ये २४ जानेवारी १९४३ रोजी क्रांतिकारकांनी बॉम्बस्फोट घडवला, कारण गोरे सैनिक हमखास जिथे सापडतील असे ते ठिकाण होते. ज्या गावांत इमारत नव्हती तिथे तंबू गेला. यात्रा-जत्रांबरोबर फिरणाऱ्या टुरिंग टॉकीज हा महाराष्ट्राचा खास धंदा. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या २०१६ च्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात त्याचा शेवटचा काळ जपला गेला आहे.

या वाढत्या धंद्याकडे सरकारचे लक्ष पहिल्यापासून होते, ते वसुलीसाठी. मुंबई इलाख्यात करमणूक कराचा कायदा १९२३ मध्ये झाला. परकीय सरकारने खजिना भरण्यासाठी आणलेला हा कर स्वातंत्र्यानंतर कमी होईल अशी अपेक्षा करणे रास्त होते; प्रत्यक्षात तो वाढतच गेला. करमणूक म्हणजे चैन आणि चैनीवर कर हवाच, ही नीतिकल्पना इंग्रजांइतकीच आपल्या काटकसरी राज्यकर्त्यांनाही पटत होती. जिल्हाधिकाऱ्याच्या कार्यालयात करमणूक कराची स्वतंत्र शाखा, तिचे निरीक्षक, शिक्का मारलेली तिकीटपुस्तके, रोजचा हिशेब. सरकारला बसल्या जागी, रोख आणि रोजच्या रोज मिळणारा हा पैसा होता. शिवाय फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट प्रत्येक खेळाआधी दाखवणे बंधनकारक आणि त्यांचे भाडेही थिएटरनेच भरायचे. १९८६ मध्ये मुंबईचा सगळा चित्रपटव्यवसाय करांच्या विरोधात संपावर गेला, इतकी ही वसुली जाचक झाली होती. अलीकडच्या काळातही महाराष्ट्रातला करमणूक कर ४५ टक्क्यांपर्यंत होता. मराठी चित्रपटांना त्यातून सूट मिळाली, ती चांगलीच गोष्ट झाली. मात्र थिएटरची छपरे, खुर्च्या आणि पंखे हिंदी चित्रपटांच्या कमाईवर दुरुस्त व्हायचे आणि त्या कमाईतला मोठा वाटा शासन घेत होते. सत्तर-ऐंशी वर्षे जो धंदा इतका कर भरत होता, त्याच्या इमारतींच्या देखभालीसाठी त्या करातले काय परत आले, हा प्रश्न विधिमंडळात कोणी लावून धरला नाही.

कर हे एक कारण झाले. दुसरे कारण सिनेमाच्या इतिहासात क्वचित मांडले जाते, कारण ते सिनेमाबाहेरचे आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यांतले अनेक कधीच कामावर परत गेले नाहीत. लालबाग-परळ-दादरच्या पट्ट्यातली भारतमाता, हिंदमाता, चित्रा यांसारखी थिएटरे या कामगारांवर जगत होती. गिरण्या तीन पाळ्यांत चालायच्या, त्यामुळे दिवसाच्या कुठल्याही वेळी हजारो मोकळी माणसे वस्तीत असायची. दुपारचा खेळ रात्रपाळीवाल्याचा, रात्रीचा खेळ दिवसपाळीवाल्याचा. खानावळीत जेवणाऱ्या, एका खोलीत दहाजणांनी पाळीपाळीने झोपणाऱ्या एकट्या पुरुषांसाठी थिएटर ही घराबाहेरची बैठक होती. पगार थांबला तेव्हा पिटातली आणि स्टॉलमधली खुर्ची रिकामी झाली. नेमक्या त्याच वर्षी आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरचित्रवाणी आली आणि पाठोपाठ व्हिडिओ कॅसेट. म्हणून ऐंशीच्या दशकातल्या पडझडीचा दोष सगळा टीव्हीवर गेला. टीव्हीने बाल्कनीतला मध्यमवर्गीय प्रेक्षक नेला हे खरेच आहे, पण स्टॉलमधला प्रेक्षक त्याच्या रोजगारासह नाहीसा झाला होता. पुढे गिरण्यांच्या जमिनी विकासाला खुल्या झाल्या आणि तिथे मॉल आले, मॉलमध्ये मल्टिप्लेक्स आली. फिनिक्स मिलच्या आवारात आज सिनेमा बघायला जाणाऱ्या गर्दीत जुन्या गिरणगावातला कामगार शोधून सापडणार नाही. भारतमाता ज्या जमिनीवर उभे आहे ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, आणि मराठी चित्रपटांचे हे हक्काचे घर वाचवण्यासाठी कलावंतांना रस्त्यावर यावे लागले.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळता येणार नाही. जुनी थिएटरे घाणेरडी होती; मोडक्या खुर्च्या, ढेकूण, बंद पडलेले पंखे, नाक धरून जावे लागेल अशी स्वच्छतागृहे, दाराशी तिकिटांचा काळाबाजार. सकाळच्या खेळांना कसलेही चित्रपट लागायचे आणि स्त्रियांना त्या फुटपाथवरून जाणेही नकोसे व्हायचे. अशा जागा गेल्या तर रडायचे कशाला? हे सगळे वर्णन खरे आहे आणि ज्या स्त्रियांनी टॉकीजला पाठ फिरवली त्यांनी योग्य तेच केले. पण घाण ही टॉकीजची प्रकृती नव्हती. याच थिएटरांत पन्नास-साठच्या दशकांत बायकांच्या दुपारच्या खेळांना झुंबड उडे. १९७५ मध्ये ‘जय संतोषी माँ’ला स्त्रिया देवळात जाव्यात तशा चपला काढून बसत आणि १९९१ मध्ये ‘माहेरची साडी’ला त्यांनीच विक्रमी गर्दी केली. घाण आली ती डागडुजी थांबल्यावर, आणि डागडुजी थांबली कारण नफा उरत नव्हता आणि मालकाला दुसरे काही करण्याची मुभाही नव्हती. सिनेमागृहाची जागा म्हणून नोंद असलेल्या भूखंडावर नवे बांधकाम करायचे तर तिथे पुन्हा सिनेमागृह काढावेच लागेल, अशी अट नियमांत होती. अट चांगल्या हेतूने घातलेली. शहराचे थिएटर नाहीसे होऊ नये एवढाच तिचा उद्देश. पण थिएटर चालवून पैसे मिळत नाहीत आणि बंद करून दुसरे काही काढता येत नाही, अशा कोंडीत मालकाने कुलूप लावणेच पत्करले. राज्यातल्या अनेक गावांत मुख्य चौकात उभ्या असलेल्या त्या ओसाड इमारती, भिंतीतून वर आलेले पिंपळ आणि गंजलेली तिकीटखिडकी, हे या अटीचे फळ आहे. जागा राखून ठेवायची पण ती चालावी यासाठी काहीच करायचे नाही, या अर्धवट धोरणाने जागाही गेली आणि सिनेमाही.

ज्या काळात शासनाने एकपडदा थिएटरांना ही वागणूक दिली, त्याच काळात मल्टिप्लेक्सला दिलेली वागणूक पाहण्यासारखी आहे. २००१ च्या धोरणानुसार नव्या मल्टिप्लेक्सला पहिली तीन वर्षे करमणूक कर पूर्ण माफ झाला आणि पुढची दोन वर्षे फक्त पाव हिश्शाने लागला. त्याच रस्त्यावर पन्नास वर्षे उभ्या असलेल्या टॉकीजला कर पूर्ण. नव्या उद्योगाला सवलत द्यावी, याबद्दल तक्रार नाही. तक्रार अशी की तोच सिनेमा, तोच शुक्रवार आणि तेच गाव असताना एकाने वातानुकूलन आणि डॉल्बीसाठी पैसा उभारायचा तो करमाफीतून आणि दुसऱ्याने कर भरून उरलेल्या पैशातून, ही स्पर्धाच नव्हे. वाटाघाटीतही हेच झाले. २००९ च्या उन्हाळ्यात निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात कमाईच्या वाटपावरून दोन महिने संघर्ष चालला, नवे मोठे चित्रपट अडले. शेवटी पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० टक्के निर्मात्याला, असा तोडगा निघाला. हा वाद कोणामध्ये होता ते लक्षात घ्या. गावोगावच्या टॉकीजवाल्यांना त्या टेबलापाशी खुर्ची नव्हती. आज देशातल्या दोन सर्वांत मोठ्या मल्टिप्लेक्स कंपन्या, पीव्हीआर आणि आयनॉक्स, २०२३ मध्ये एक झाल्यानंतर हे अंतर आणखी वाढले आहे.

मल्टिप्लेक्सने पडदे वाढवले, ध्वनी आणि स्वच्छता सुधारली, स्त्रियांना आणि कुटुंबांना पुन्हा थिएटरात आणले; हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण नॉव्हेल्टीपासून चालत आलेली दरांची उतरंड त्याने मोडली. पडद्यासमोरच्या पहिल्या रांगेचा आणि मागच्या रांगेचा दर तिथे जवळपास सारखा. महाग खुर्ची स्वस्त खुर्चीला सांभाळते ही पद्धत संपली आणि रिक्षावाला, हमाल, घरकाम करणारी बाई यांच्यासाठी नव्या सिनेमाचे दार लागले. त्यांना मग पायरसीची सीडी उरली, पुढे पेनड्राइव्ह आणि मग मोबाइल. म्हणजे मोबाइलने या माणसांना टॉकीजमधून ओढून नेले असे नसून, ज्यांना टॉकीज उरलीच नव्हती ती माणसे मोबाइलकडे गेली. घटनांचा हा क्रम विसरला की सगळा इतिहास उलटा दिसू लागतो.

डिजिटल प्रक्षेपणाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. रिळांच्या काळात प्रिंट महाग, म्हणून त्या मोजक्या काढल्या जात. चित्रपट आधी मोठ्या शहरात लागे, मग जिल्ह्याला आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तालुक्याला पोहोचे. पत्र्याच्या पेट्या एसटीने नाहीतर रेल्वेने फिरत. २००५ पासून यूएफओ मूव्हीजने उपग्रहावरून चित्रपट पाठवायला सुरुवात केली आणि लहान गावातल्या टॉकीजलाही मुंबईच्याच शुक्रवारी नवा सिनेमा मिळू लागला. तेव्हा वाटले की आता टॉकीज तरणार. पण सगळीकडे एकाच दिवशी लागलेला चित्रपट सगळीकडे एकाच पंधरवड्यात संपतो. पन्नास आठवडे हा शब्दच नाहीसा झाला. दुसऱ्या फेरीच्या सिनेमावर जगणारी गावे आता पहिल्या तीन दिवसांच्या गर्दीवर अवलंबून राहिली आणि तो सिनेमा पडला की महिनाभर घर रिकामे. स्ट्रीमिंगने घाव घातला तो इथे. थिएटरनंतर आठ आठवड्यांत किंवा त्याहून लवकर चित्रपट घरी येणार हे कळल्यावर ‘बघू पुढच्या आठवड्यात’ म्हणणारा प्रेक्षक येईनासा झाला. त्यात मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. महाराष्ट्रातली थिएटरे नोव्हेंबर २०२० मध्ये निम्म्या क्षमतेने उघडली, २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये परत सुरू झाली. ‘गुलाबो सिताबो’सारखे चित्रपट जून २०२० पासूनच थेट मोबाइलवर येऊ लागले होते. वर्षाहून अधिक काळ उत्पन्न नाही, वीज आणि मालमत्ता कर मात्र चालू; ज्यांच्या गाठीशी काही होते ते मल्टिप्लेक्सवाले तरले, इतरांपैकी अनेकांनी दार पुन्हा उघडलेच नाही. दादरचे चित्रा तर टाळेबंदीच्याही आधी, मे २०१९ मध्येच बंद झाले होते.

यावर सुजाण वाचक विचारील की सिनेमा घरी पोहोचला तर बिघडले कुठे. गडचिरोलीतल्या मुलीला जगभरचे चित्रपट मिळतात. आजारी, वृद्ध, अपंग माणसांना खुर्चीत बसून बघता येते. अमेरिकेतल्या मराठी कुटुंबाला नवा मराठी चित्रपट महिन्या-दोन महिन्यांत दिसतो. ही मिळकत खरी आहे आणि ती कोणी हिरावून घेऊ नये. प्रश्न उरतो तो मराठी चित्रपटाचा. मोठे स्ट्रीमिंग मंच मराठी चित्रपट घेतात ते सहसा थिएटरातला प्रतिसाद बघून. जिथे पडदेच नाहीत तिथे प्रतिसाद कोठून दिसणार? मल्टिप्लेक्समध्ये मराठीला सोयीची वेळ मिळावी म्हणून एप्रिल २०१५ मध्ये शासनाला आदेशाची भाषा करावी लागली, तरी खेळ मिळत नाहीत ही तक्रार दर काही महिन्यांनी येतेच. टॉकीजचा काळ मराठीसाठी सोन्याचा होता असेही समजू नये. १९७१ मध्ये दादा कोंडक्यांच्या ‘सोंगाड्या’ला दादरच्या कोहिनूरमध्ये जागा मिळेना, तेव्हा शिवसेनेला मध्ये पडावे लागले. पण ‘सोंगाड्या’ला एकदा पडदा मिळाल्यावर त्याचा प्रेक्षक चालत येण्याच्या अंतरावर राहत होता आणि तिकीट त्याच्या खिशाला परवडत होते. आजच्या दादा कोंडक्यांना पडदा मिळाला तरी तो प्रेक्षक तिथपर्यंत पोहोचत नाही.

दुसरा आक्षेप असा की लोकांनाच आता थिएटर नको आहे. त्याला उत्तर अलीकडच्याच वर्षांनी दिले आहे. २०१६ मध्ये ‘सैराट’साठी तालुक्यातालुक्यांत गर्दी लोटली. ते स्वस्त इंटरनेटच्या आधीचे म्हणून बाजूला ठेवू. जून २०२३ च्या अखेरीस ‘बाईपण भारी देवा’ आला तेव्हा घरोघरी चार-चार ॲप होती, तरीही बायकांचे गट नटूनथटून, गाड्या करून आले. त्याच वर्षी ‘गदर २’ने देशभरच्या एकपडदा थिएटरांना पुन्हा ‘हाऊसफुल्ल’चा फलक काढायला लावला. २०२५ मध्ये ‘छावा’साठी महाराष्ट्रातली कुटुंबेच्या कुटुंबे लहान मुलांसह निघाली. एकत्र बसून हसण्या-रडण्याची भूक मोबाइलने मारलेली नाही. ती भागवायला जवळपास, परवडणारी जागा नाही. जिथे आहे तिथे ती भरते.

मग असे होऊ शकले असते का, की टॉकीज टिकली असती? त्याचे उत्तर शोधायला परदेशी जावे लागत नाही. महाराष्ट्रातच एक तुलना हाताशी आहे आणि मला ती या सगळ्या चर्चेत सर्वांत महत्त्वाची वाटते. मराठी नाटकालाही सिनेमाने, टीव्हीने आणि आता मोबाइलने मारायला हवे होते. १९३० च्या दशकात बोलपटाने नाटक कंपन्यांची धूळधाण केली, तेव्हा ते मेल्यातच जमा होते. तरी आज दादर, पुणे, ठाणे इथे शनिवार-रविवारी नाट्यगृहे भरतात. याचे एक कारण लेखक-नटांची जिद्द, पण दुसरे कारण जागा हे आहे. पुणे महापालिकेने १९६८ मध्ये बालगंधर्व रंगमंदिर बांधले. पुढे ठाण्यात गडकरी रंगायतन, नाशकात कालिदास कलामंदिर, पार्ल्यात दीनानाथ नाट्यगृह अशी सार्वजनिक पैशांतून उभी राहिलेली घरे नाटकाला मिळाली. त्यांच्या अवस्थेबद्दल कलावंत नेहमी तक्रार करतात आणि ती रास्त असते. पण तक्रार करायला नाट्यगृह आहे. कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला, शाहू महाराजांनी उभारलेल्या त्या वास्तूला, ऑगस्ट २०२४ मध्ये आग लागली तेव्हा सारे शहर हळहळले आणि सरकारने ताबडतोब पुनर्बांधणीसाठी निधी जाहीर केला. त्याच कोल्हापुरात, जिथे बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि ‘प्रभात’चा जन्म झाला, एकेक चित्रपटगृह बंद होत गेले तेव्हा कुठल्याही सरकारने निधी जाहीर केला नाही. नाटक ही संस्कृती आणि सिनेमा हा धंदा, हा भेद आपण कधी तपासलाच नाही. केरळने तो तपासला. तिथल्या सरकारच्या चित्रपट विकास महामंडळाची स्वतःची चित्रपटगृहे आहेत. पश्चिम बंगालने १९८५ मध्ये कोलकात्यात ‘नंदन’ उभे केले.

खासगी धंद्यात सार्वजनिक पैसा का घालायचा, असे कोणी म्हणेल. पैसा आधीच घातला जातो आहे. मराठी चित्रपटांच्या निर्मितीला शासन १९७५ च्या करपरतीच्या योजनेपासून आजच्या अनुदानापर्यंत अर्धशतक मदत करते. मल्टिप्लेक्सला करमाफी हीसुद्धा मदतच होती. चित्रपट बनवायला पैसे द्यायचे, मोठ्या मॉलमधल्या पडद्यांना कर माफ करायचा आणि तो चित्रपट ज्या गावाने बघायचा तिथल्या एकमेव टॉकीजला मात्र बाजाराच्या हवाली करायचे, यात कुठलेच तर्कशास्त्र नाही. कराचा भार आता काहीसा हलका झाला आहे. जुलै २०१७ मध्ये वस्तू आणि सेवा करात शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटालाही १८ टक्के कर होता. २०१९ मध्ये तो १२ टक्के झाला आणि सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के आहे. हा निर्णय पन्नास वर्षे आधी झाला असता तर हा लेख कदाचित लिहावा लागला नसता. जुन्या बाराशे खुर्च्यांच्या इमारती परत येणार नाहीत आणि तसा हट्टही नको. इरॉस २०२४ मध्ये नव्या रूपात उघडले, पुण्याच्या प्रभातला भाडेकरार संपल्यावर जागेच्या मालकांनी किबे लक्ष्मी थिएटर म्हणून पुढे चालवले, ही उदाहरणे दिलासा देतात, पण ती मोठ्या शहरांतली आहेत. तालुक्याला हवे आहे ते दोनशे-तीनशे खुर्च्यांचे, स्वच्छ, स्त्रियांना निर्धास्त वाटेल असे, पुढच्या रांगांना कमी दर असलेले चित्रपटगृह. त्यासाठी ओसाड टॉकीजचे मालक, नगरपालिका आणि चित्रपट महामंडळ यांनी एकत्र येऊन भागीदारीने चालवण्याची योजना हवी. जागा मालकाची, दुरुस्तीचा पहिला खर्च पालिकेचा, चालवणे स्थानिक माणसांच्या हाती. आपल्या नगरपालिकेचा विकास आराखडा पुढच्या वेळी हरकती-सूचनांसाठी जाहीर होईल तेव्हा त्यात नाट्यगृह, वाचनालय आणि क्रीडांगण यांच्यासाठी आरक्षण आहे का हे आपण बघतोच. त्याच वेळी हरकतीच्या अर्जात बंद पडलेल्या टॉकीजच्या भूखंडाचे काय करणार, हा प्रश्नही लेखी विचारावा.